दादरला अडकलेला डबा

‘‘तू ना, हल्ली चार्जच होत नाहीस!’’

शेजारच्या डेस्कवरचा मित्र असं म्हणाला तेव्हा मी हसले. आमच्या ऑफिसात सगळे एकमेकांना असंच बोलतात. पण घरी जाताना ते वाक्य डोक्यातून जाईना. खरंच होतं की! रात्री आठ तास झोपायचे आणि सकाळी उठायचे ती दमूनच. डोंबिवलीहून फास्ट, दादरला पूल चढून स्लो, करी रोडला उतरून ऑफिसपर्यंत चालत. गेली सहा वर्षं हाच रस्ता. पण हल्ली दादरचा तो पूल चढताना मध्येच कठड्याला धरून उभी राहायचे. मागून येणाऱ्या बायका ‘चला हो ताई’ म्हणायच्या. ताई! वय वर्षं एकोणतीस.

मग झाली ती मीटिंग. क्लायंट समोर, बॉस बाजूला, तेरावी स्लाइड. आणि मला ‘सबस्क्रिप्शन’ हा शब्द आठवेना. रोज पन्नास वेळा वापरते तो शब्द. शेवटी मी म्हटलं, ‘‘ते आपलं... दर महिन्याला पैसे भरतो ते.’’ सगळे हसले, मीही हसले. त्या रात्री लॅपटॉप उघडून मी राजीनाम्याचा मेल लिहिला आणि ड्राफ्टमध्ये ठेवून दिला. आपल्याला हे काम झेपत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता.

आता खरं सांगते. मला झालेलं दुखणं करिअरचं नव्हतंच. ते होतं एका मायक्रोग्रॅमच्या हिशेबाचं. म्हणून आज या पानावर रेसिपी नाही, रेस्टॉरंट नाही. आज थोडं पोटात आणि थोडं पेशीत शिरू या. कंटाळा येणार नाही, प्रॉमिस!

पेट्रोल आहे, गाडी चालत नाही

थकवा आला की आपण काय करतो? खातो. मीही तेच केलं. चार वाजता कॉफी, पाच वाजता चॉकलेट, लेट नाइट असेल तर एनर्जी ड्रिंक. लॉजिक सोपं होतं: एनर्जी म्हणजे कॅलरी, एनर्जी कमी पडतेय म्हणजे कॅलरी कमी पडतायत. वजन चार किलो वाढलं. एनर्जी? जैसे थे.

गंमत अशी की मला इंधन कमी पडतच नव्हतं. बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला साधारण १,६६० किलोकॅलरी पुरतात, असं आपली आयसीएमआर सांगते. मी त्याहून सहज जास्त खात होते. प्रश्न होता तो खाल्लेलं वापरण्याचा.

एक चपाती तव्यावर विसरा. ती जळते, धूर होतो, त्यातली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. त्यासाठी लागतो चांगला तापलेला तवा. तीच चपाती शरीरातही ‘जळते’, पण ३७ अंशांत, धूर न काढता. तिचं ग्लुकोज होतं, पेशीत त्या ग्लुकोजचे टप्प्याटप्प्यानं तुकडे होतात, शेवटी ऑक्सिजनच्या मदतीनं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. मधल्या मध्ये सुटलेल्या ऊर्जेचा बराचसा भाग एटीपी नावाच्या रेणूत भरला जातो. एटीपी म्हणजे पेशीचे सुट्टे पैसे. हात हलवा, विचार करा, नुसते श्वास घेत पडून राहा, प्रत्येक कामाला हे सुट्टेच लागतात.

आणि हे सगळं ३७ अंशांत जमतं ते एन्झाइममुळे. एन्झाइम हे बहुतेक करून प्रोटीनच असतं आणि त्याचं काम म्हणजे डबेवाल्यांच्या मुकादमाचं! मुकादम स्वतः डबा खात नाही, डबा बनवतही नाही. पण कुठला डबा कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जायचा ते तो बघतो. तो नसला तर डबा कधी पोचेल ते देव जाणे, तो असला की झटक्यात. आणि काम झालं की तो तसाच्या तसा, पुढच्या डब्याला तयार. प्रत्येक एन्झाइमचं काम ठरलेलं. तोंडातल्या लाळेतलं ॲमायलेज स्टार्च तोडतं, त्याला तूप दिलं तर ते ढुंकून बघणार नाही.

पण नुसता मुकादम काय करणार? त्याला हाताखाली माणसं लागतात. बऱ्याच एन्झाइमना अशी मदतनीस मंडळी लागतात आणि त्यातली कितीतरी आपल्याला जेवणातूनच मिळवावी लागतात. त्यांनाच आपण व्हिटॅमिन म्हणतो. व्हिटॅमिनमध्ये स्वतःची कॅलरी अशी काही नसते. ते नसले तर मात्र कॅलरीचे डबे प्लॅटफॉर्मवर पडून राहतात. माझ्याकडे नेमका असाच एक मदतनीस गैरहजर होता.

‘सगळं नॉर्मल आहे’

ऑफिसनं दिलेल्या हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये माझं हिमोग्लोबिन १०.९ आलं. ‘‘थोडं कमी आहे, बाकी सगळं नॉर्मल,’’ असं रिपोर्ट देणाऱ्यानं सांगितलं. त्याच कागदावर दोन ओळी खाली एमसीव्ही १०६ असं ठळक छापलेलं होतं. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान. साधारण ८० ते १०० असायला हवं. तिकडे ना त्यानं पाहिलं, ना मी.

मग मी केला तो आपला राष्ट्रीय उपाय. केमिस्टला विचारलं. त्यानं आयर्नची आणि ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी दिली. आणि सांगते, बरं वाटलं! दोन महिन्यांत हिमोग्लोबिन बारावर गेलं. जीभ लालबुंद, गुळगुळीत झाली होती, मिसळीचा एक घास सोसत नव्हता, तीही सुधारली. मी खूश. मेल अजून ड्राफ्टमध्येच होता.

पण पायांना मुंग्या यायच्या त्या थांबल्या नाहीत. उलट वाढल्या. आधी बोटांना, मग तळव्यांना. फरशीवर चालताना मध्ये गादी घातल्यासारखं वाटायचं. आणि एका सकाळी बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि माझा तोल गेला. चक्कर नव्हती. पाय कुठे आहेत तेच कळेना. नळाला धरून उभी राहिले आणि पहिल्यांदा खरी घाबरले.

डॉक्टर बाईंनी ब्लड प्रेशरच्या आधी तीन प्रश्न विचारले. काय खाता? कधीपासून? आणि रोज कुठल्या गोळ्या घेता?

तर मंडळी, चार वर्षांपूर्वी एका मैत्रिणीबरोबर पैज लावून मी दूध, अंडी, मासळी सगळं सोडलं होतं. पैज महिन्याची होती, मला आवडलं म्हणून पुढे चालू ठेवलं. स्किन छान झाली, हलकं वाटायचं. शिवाय डेडलाइनची ॲसिडिटी होती, त्यावर सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल, दोन वर्षं, रोज. डॉक्टरांनी मान हलवली आणि रक्तातलं बी-१२ तपासायला सांगितलं. सर्वसाधारणपणे २०० पिकोग्रॅमच्या खाली गेलं की कमी धरतात. माझं आलं ११०.

दादरचा घोळ

बी-१२ झाडं बनवत नाहीत. प्राणीही नाही. ते बनवतात फक्त काही सूक्ष्मजीव, आणि ते आपल्यापर्यंत येतं दूध, अंडी, मासळी, मटण यांतून. लागतं किती? दिवसाला दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम. मी हिशेब केला. तीस वर्षांचं सगळं मिळून होतं चोवीस-पंचवीस मिलिग्रॅम, म्हणजे साधारण तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाएवढं! आणि लिव्हर त्याचा काही वर्षांचा साठा करून ठेवतं. म्हणूनच पहिल्या वर्षी काही झालं नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. बिल आलं ते चौथ्या वर्षी. ॲसिडिटीच्या कॅप्सूलनंही हातभार लावला असणार, कारण अन्नातल्या प्रोटीनला चिकटलेलं बी-१२ सुटं करायला पोटातलं ॲसिडच लागतं.

‘‘पण गोळ्यांनी बरं वाटत होतं ना,’’ मी म्हटलं. त्यावर बाईंनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. दादर स्टेशन डोळ्यांसमोर आणा.

एक मुकादम आहे, त्याचं नाव मेथिओनिन सिंथेज. त्याच्या देखरेखीखाली एक डबा हातोहात जायचा असतो. डबा एवढासा, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. डबा घेऊन येतो फोलेट, म्हणजे पालेभाजीतलं व्हिटॅमिन. तो दादरला उतरतो आणि डबा बी-१२च्या हातात देतो. बी-१२ तो पुढे होमोसिस्टीनला देतो आणि त्याचं मेथिओनिन होतं. हात मोकळे झालेला फोलेट पळतो दुसऱ्या कामाला: नवीन डीएनए बनवायच्या कामाला.

आता बी-१२ आलाच नाही तर? फोलेट डबा हातात घेऊन दादरला उभा. डबा टाकूनही देता येत नाही, परतही नेता येत नाही. एकामागून एक सगळे फोलेटवाले तिथेच अडकतात. तिकडे डीएनएचं काम ठप्प. रक्ताच्या नव्या पेशी वाढतात पण वेळेवर विभागत नाहीत, म्हणून त्या मोठ्या होतात आणि संख्येनं कमी पडतात. एमसीव्ही १०६ म्हणतात ते हेच!

आणि माझी फॉलिक ॲसिडची गोळी म्हणजे रिकाम्या हातांनी आलेली नवी भरती. ती दादरला न जाता थेट डीएनएच्या कामाला लागली. रक्त सुधारलं, मी खूश. पण बी-१२कडे आणखी एक काम असतं, दुसऱ्या एका एन्झाइमबरोबर. काही फॅट आणि प्रोटीन वापरल्यावर उरणारा एक तुकडा ऊर्जेच्या चक्रात सोडायचं. तिथे फोलेटची बदली चालत नाही. नसांवरचं मायलिनचं आवरणसुद्धा बी-१२ शिवाय नीट राहत नाही. म्हणजे वरून रिपोर्ट सुधारत होता आणि आतून नसा बिघडत होत्या. धोक्याची घंटा वाजत होती आणि मी गोळी घेऊन ती घंटाच बंद केली होती.

परळची गोष्ट

घरी येऊन मी वाचत बसले आणि एक भलतंच सापडलं. हे फोलेट पहिल्यांदा हाती लागलं त्या शोधाची सुरुवात कुठे झाली असेल? परळला! माझ्या ऑफिसपासून चालत जाता येईल अशा हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये.

१९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब, गरोदर बायकांना एक भयंकर ॲनिमिया होत होता. लाल पेशी कमी आणि मोठ्या, अगदी माझ्यासारख्याच. तो जंतूमुळे होतो का, हे तिनं शोधलं. तसं काही सापडेना. मग ती बायकांच्या जेवणाकडे वळली. ज्यांच्या पानात फळं, भाज्या, प्रोटीन कमी, त्यांनाच हे जास्त होत होतं. तिनं आधी उंदरांवर, मग माकडांवर प्रयोग केले आणि एका माकडाला मार्माइट दिलं. मार्माइट म्हणजे ब्रेडवर लावतात तो यीस्टचा काळाकुट्ट, खारट अर्क. माकड सुधारलं. मग बायकांना दिलं, त्या सुधारल्या. १९३१ साली तिनं हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. त्या अज्ञात पदार्थाला ‘विल्स फॅक्टर’ म्हणायला लागले. १९४१ साली तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पानावरूनच त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड.

त्याआधी, १९२६ साली, बोस्टनच्या मिनट आणि मर्फी यांनी दाखवलं होतं की पर्निशियस ॲनिमियाचे पेशंट भरपूर लिव्हर खाऊन जगतात. त्याबद्दल त्यांना व्हिपलसह १९३४ साली नोबेल मिळालं. त्या लिव्हरमधलं औषध म्हणजे बी-१२, पण ते वेगळं निघायला १९४८ उजाडलं. मधल्या काळात लक्षात आलं की शुद्ध केलेला लिव्हरचा अर्क पर्निशियस ॲनिमियाला चालतो, पण विल्सच्या बायकांना चालत नाही. म्हणजे आजार दिसायला एक, गैरहजर माणसं दोन! आणि चाळीसच्या दशकात पर्निशियस ॲनिमियाला नुसतं फॉलिक ॲसिड देऊन पाहिलं तेव्हा रक्त सुधारलं आणि नसा बिघडत गेल्या. म्हणजे जी चूक मेडिकल सायन्सनं तेव्हा केली आणि सुधारली, ती मी केमिस्टच्या काउंटरवर पुन्हा केली.

माझी आजी गिरणीत होती, वाइंडिंग खात्यात, १९८२च्या संपापर्यंत. आजही लालबागच्या चाळीतच राहते. पहिलं इंजेक्शन झालं त्या शुक्रवारी ऑफिसातून थेट तिच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. दादर, डबे, मुकादम. तिनं शांतपणे ऐकलं.

‘‘म्हंजे तुला सुकट पायजे,’’ ती म्हणाली.

‘‘आजी, एवढं सोपं नाहीये गं ते.’’

‘‘सोपं कुठं म्हंटलं मी? आमच्या खात्यातली एक बाय होती, पाच महिन्यांची. पांढरीफटक. मशीनवरच बसली खाली. तिला काय चॉकलेट दिलंन का कोणी? घरचं सगळं घरच्यांना वाढून उरेल ते खायची ती. तू तर गो कमावतेस. तुला कोणी वाढू नको म्हंटलं?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या बाईला मिळत नव्हतं. मला सगळं मिळत होतं, एका टॅपवर, तीस मिनिटांत. आणि तरीही रक्तपेशी मात्र दोघींच्याही बहुतेक सारख्याच.

आजीनं सुकटीचं कालवण केलं, बाजूला लाल माठ. भाजी शिजवताना झाकण ठेवलं, पाणी टाकलं नाही. फोलेट पाण्यात उतरतं आणि फार शिजवलं तर जातं, हे तिला कोणी सांगितलेलं नाही. मी खाल्लं. चार वर्षांनी.

आता लगेच निष्कर्ष काढू नका हं. पैज लावणारी माझी मैत्रीण आजही पूर्ण व्हीगन आहे आणि टणटणीत आहे. फरक एवढाच की ती पहिल्या वर्षापासून बी-१२ची गोळी घेते. मी घेतली नाही, कारण ‘नॅचरल’ जगायचं होतं. स्पिरुलिनात असतं, असं कोणीतरी सांगितलं होतं. त्यात जे असतं ते बहुतेक बी-१२चं सोंग असतं, शरीराच्या उपयोगाचं नाही.

फ्रिजवर चिकटवायला एवढंच:

– थकवा महिनाभर टिकला तर कॉफी नको, डॉक्टर गाठा. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिनच्या खालच्या ओळीही वाचा.

– दूध, अंडी, मासळी काहीच खात नसाल तर बी-१२ बाहेरून घ्यावंच लागेल. ॲसिडिटीची किंवा डायबिटीसची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर डॉक्टरांना बी-१२बद्दल विचारा. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

– फॉलिक ॲसिड वाईट नाही! मूल होऊ द्यायचा विचार असेल तर आधीपासून घ्यायलाच सांगतात, बाळाचा मणका आणि मेंदू त्यावर घडतो. पण ॲनिमिया दिसला की आधी बी-१२ तपासा.

– कमतरता नसताना व्हिटॅमिन खाऊन जादा एनर्जी मिळत नाही. मुकादमाच्या हाताखाली माणसं पुरेशी असली की आणखी दहा उभी करून डबे वाढत नाहीत.

मला आता सहा महिने झाले. एमसीव्ही ९२. दादरचा पूल न थांबता चढते. शब्द सापडतात. पण तळव्यांची झिणझिण पूर्ण गेलेली नाही, डाव्या पायाच्या दोन बोटांत ती अजून आहे. ‘‘नसांना वेळ लागतो, आणि सगळं परत येईलच असं मी सांगू शकत नाही,’’ असं डॉक्टर बाई स्पष्ट म्हणाल्या. चार महिने आधी आले असते तर, असं त्या म्हणाल्या नाहीत. मीच म्हणते, रोज बूट घालताना.

राजीनाम्याचा तो मेल परवा सापडला. वाचला. ‘मला हे काम झेपत नाही’ असं त्यात तीनदा लिहिलं होतं. डिलीट केला आणि आजीला फोन लावला. म्हटलं, शुक्रवारी येतेय, काय आणू?

‘‘काय नको. येताना दादरला उतरून ताजी अंबाडी बघ,’’ ती म्हणाली. ‘‘आणि अडकू नको हां तिथं.’’